परीक्षेला सव्वीस दिवस

"कान दारातल्या खुंटीला टांगून ये. इथं डोळ्यांनी ऐकायचं."

पहिल्या दिवशी शेडच्या दारात एका म्हाताऱ्या कामकरणीनं तिला हे सांगितलं होतं. म्हातारीचे पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळे तिच्याच ओठांवरचं वाचणं सगळ्यात अवघड जायचं. चाळीस यंत्रमाग एकदम चालत. धोटा इकडून तिकडे आपटत राही आणि पायाखालची जमीन सतत थरथरे. त्यात ओरडून काही उपयोग नसे. बाया नुसते ओठ हलवून बोलत. कुणाच्या घरी काय झालं, मालकाचं डोकं आज कसं आहे, तुझ्या तिसऱ्या मागाचा धागा तुटला बघ, सगळं बिनआवाजी. चौदा वर्षं ती अशीच बोलली. त्याच शेडमधल्या जॉबरनं, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या माणसानं, तिला लग्नाचं विचारलं तेही दोन मागांच्या मधून, ओठांनीच. तिनं मान हलवली आणि तुटलेला धागा जोडला.

आता ती शेड उरली नव्हती. तीन वर्षं पावसानं पाठ फिरवली. सुताला खळ लावायला पाणी लागतं, आणि शेडच्या विहिरीत खाली उतरून हातानं चाचपलं तरी ओल लागेना. मालकानं माग भंगारात वजनावर विकले. ज्या जॉबरनं ते वीस वर्षं चालते ठेवले, त्यानंच ते खोलून ट्रकमध्ये चढवले. नंतर तो धान्याच्या गोदामात पोती उचलायला जाऊ लागला, आणि ती, वयाची एकतीस वर्षं दहा महिने झाले असताना, मोठ्या गावच्या सरकारी रुग्णालयात नर्सिंग शिकायला लागली. बत्तिसाव्या वर्षापर्यंतच प्रवेश मिळे. दोन महिन्यांनी तिचा अर्ज कुणी हातातही धरला नसता.

दोन वर्षांतले बावीस महिने निघाले होते.

त्या सकाळी ती पाण्याच्या पिंपामागं ओणवी झाली होती. एका हातानं भिंत धरली होती, दुसऱ्या हातानं तोंड. आवाज होऊ द्यायचा नाही हे तिला नवं नव्हतं.

"पिंपामागं काय करतेस गं?" सासूनं आतून विचारलं.

"काही नाही आई. चूळ भरत होते."

"चूळ भरायला पाणी लागतं. पिंपाचं झाकण तर वाजलं नाही."

सून तोंड पुसत पुढं आली. सासू उंबऱ्यात उभी होती. अंगानं वाळकी, पण नजर सुईत दोरा ओवण्याइतकी शाबूत. तिनं सुनेला पायापासून डोक्यापर्यंत एकदाच पाहिलं.

"किती?"

"अडीच."

"महिने?"

"हो."

सासू उंबऱ्यावरच बसली. दुसऱ्या कुठल्या घरात या बातमीनं म्हाताऱ्या बाईनं हात जोडले असते. हिनं हात मांडीवर ठेवले आणि बोटं मोजायला लागली.

"परीक्षा कधी?"

"सव्वीस दिवसांनी."

"आणि तुम्ही दोघं शहाणी माणसं. अजून दोन महिने दम धरवला नाही?"

सांगायचं तरी कसं? पहिल्या खेपेला चार वर्षं लागली होती. रुग्णालयातल्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, तुमचं वय आता थांबत नाही, फार लांबवू नका. मग त्या दोघांनी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर बसून हिशेब केला होता. निदान वर्ष तरी लागेल. तोवर परीक्षा होईल, नोकरी लागेल, हक्काची रजा मिळेल, आणि बाळ पांढऱ्या कपड्यातल्या आईच्या पोटी येईल. वर्ष लागेल म्हणून सुरुवात केली, आणि महिनासुद्धा लागला नाही.

"आम्हाला वाटलं, वेळ लागेल," ती म्हणाली.

"देवाला तुमचं कॅलेंडर दाखवलं नव्हतं वाटतं," सासू म्हणाली. पण आवाजात धार नव्हती. उठताना तिनं दाराची चौकट धरली. दोन वर्षं ती एकच वेळ जेवत होती. सून पास होऊन कामाला लागेपर्यंत दुसऱ्या वेळचा घास नाही, असं तिनं देवापुढं बोलून ठेवलं होतं. त्यामुळे उठताना तिला चक्कर येई आणि ती कुणाला सांगत नसे.

"सव्वीस दिवस तोंड उघडायचं नाही," ती म्हणाली. "मला कळलंय तेवढं पुरे."

सुनेनं पिशवी घेतली. बसच्या रस्त्यापर्यंत पाऊण तास चालायचं होतं. वाटेत ती रोज देवाचं नाव एकशे आठ वेळा घ्यायची, पावलांच्या तालात. आज साठाच्या पुढं तिचा आकडा चुकला. तिनं पुन्हा एकपासून सुरुवात केली.

नियम काय आहे, हे तिला पाठ होतं. पहिल्याच दिवशी मेट्रनबाईंनी सगळ्यांना उभं करून वाचून दाखवला होता. "लग्न झालेल्यांनी नीट ऐका. शिकत असताना दिवस गेले तर घरी जायचं. जागा जाते. पुन्हा यायचं तर पहिल्यापासून, आणि वयात बसत असाल तर." मग चष्म्यावरून त्यांनी नेमकं तिच्याकडंच पाहिलं होतं, कारण त्या रांगेत लग्न झालेली ती एकटीच होती. बाकीच्या सगळ्या एकोणीस-वीस वर्षांच्या. त्या तिला काकू म्हणत. आधी चिडवायला म्हणत, मग सवयीनं, आणि आता मायेनं.

"काकू, आज तुमचं तोंड शिळ्या पोळीसारखं दिसतंय," वॉर्डात शिरल्या शिरल्या एकजण म्हणाली. ही सगळ्यात जास्त बोलायची, म्हणून सगळे तिला रेडिओ म्हणत.

"झोप झाली नाही."

"काकांना सांगा घोरू नका म्हणून."

"तू आधी तीन नंबरचा बेडपॅन ने. मग काकांचं बघू."

बायकांच्या वॉर्डात वीस खाटा होत्या आणि माणसं चोवीस. चौघी जमिनीवर. इन्चार्ज सिस्टर बारीक बांध्याच्या, चालताना चपला घासायच्या, आणि मास्क घालून तोंडातल्या तोंडात हुकूम द्यायच्या. तोंड झाकलेल्या माणसाचं बोलणं तिला आजही नीट उमगत नसे. चौदा वर्षांच्या खडखडाटानं कान अर्धे करून ठेवले होते. सिस्टरनी काही सांगितलं की ती क्षणभर नुसती बघत राही. "बहिरी आहेस का गं?" हे ती महिन्यातून चारदा ऐके, आणि तेवढं मात्र मोठ्यानं म्हटलेलं असे.

तीन नंबरच्या बाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. अंगानं दांडग्या. दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठीला जखमा होत. दोघींनी मिळून चादर धरायची, एक-दोन-तीन म्हणायचं आणि ओढायचं. तिनं चादर धरली. ओढताना ओटीपोटात काहीतरी ताणलं गेलं, जसा जुना पट्टा ताणला की चर्र करतो. तिनं श्वास रोखला.

"काकू, जोर लावा ना!"

"लावते."

अकरा वाजता सात नंबरच्या खाटेवरून चमच्याचा आवाज सुरू झाला. लोखंडी कठड्यावर स्टीलचा चमचा. टण, टण, टण. ती म्हातारी चार दिवसांपूर्वी आली होती. गळ्याला गाठ होती म्हणून तिथं भोक पाडून श्वासाची नळी बसवली होती. आवाज गेला होता. लिहिता येत नव्हतं. सोबत कुणी नव्हतं. चमचा वाजवायची, ओठ हलवायची, आणि कुणाला काही कळलं नाही की पुन्हा चमचा.

"हिच्या डोक्यावर परिणाम झालाय," इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या. "चमचा काढून घ्या."

ती चमचा काढून घ्यायला गेली आणि थबकली. म्हातारीचे ओठ अगदी सावकाश, पूर्ण उघडून, जीभ दाखवून हलत होते. असं बोलणं तिनं दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

"खिडकीतनं वारा थेट नळीत जातोय," ती मोठ्यानं म्हणाली. "खोकला येतो म्हणतात. आणि ह्या सिस्टर बहिऱ्या आहेत का, असं विचारतात."

मग तीन नंबरच्या बाई फसफसल्या आणि सगळा वॉर्ड हसला. इन्चार्ज सिस्टरनी मास्क खाली ओढला.

"तुला कसं कळलं?"

"शेडमध्ये आम्ही असंच बोलायचो, सिस्टर."

म्हातारीनं तिचा हात धरला. ओठांवर विचारलं, "कुठल्या शेडमधली गं तू?"

ही दुसऱ्या गावची, दुसऱ्या शेडची. तिचीही बंद पडलेली.

त्या दिवसापासून सात नंबरचं काही असलं की हाक पडे, "मागवालीला बोलवा." राऊंडवर आलेल्या तरुण डॉक्टरांनीही स्वतः थांबून तिला विचारलं, "काय म्हणतायत?" म्हातारी म्हणत होती, हा पोरगा नाडी बघतोय की लग्नाला हात मागतोय? तिनं सांगितलं, "बरं वाटतंय म्हणतात, डॉक्टर." म्हातारी गळ्यातल्या नळीतून फुसफुस हसली. डॉक्टरांनी तक्त्यावर काहीतरी लिहिलं आणि जाताना तिला म्हणाले, "छान." बावीस महिन्यांत हा शब्द तिला पहिल्यांदाच कुणी म्हटला होता. ती तो दिवसभर जपून वापरत राहिली.

अठरा दिवस उरले होते तेव्हा रक्त गेलं.

दुपारी कर्मचाऱ्यांच्या संडासात. फार नव्हतं. चार आण्याच्या नाण्याएवढा डाग, तपकिरी, मधे थोडा लाल. ती पाणी नसलेल्या नळाकडं बघत बसली. पहिल्या वेळीही असंच सुरू झालं होतं. चौथा महिना होता. मागावरचा बीम संपत आला होता. बीम म्हणजे सुताचा मोठा गुंडाळा, तो संपल्याशिवाय माग सोडायचा नाही. मालक दारात उभा होता. तिनं नवऱ्याकडं पाहून ओठांनी विचारलं, बसू का? त्यानं मालकाकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि ओठ हलवले, तेवढा बीम संपव. दीड तास लागला. तो बीम तिनं पुरा केला. मग शेडमागच्या नळावर बायांनी तिला धुतलं, आणि जे उरलं ते एका फडक्यात बांधून तिच्या सासूच्या हातात दिलं.

ती बाहेर आली तेव्हा जेवणाची सुट्टी संपली होती. चादरी बदलायच्या होत्या. सहा नंबरची चादर खोचताना तिला सात नंबरवरून कुणीतरी बघतंय असं वाटलं. म्हातारी चमचा वाजवत नव्हती. नुसते ओठ.

"किती महिने?"

तिचे हात थांबले. वॉर्ड भरलेला होता. रेडिओ औषधं वाटत होती, इन्चार्ज सिस्टर टेबलाशी लिहीत होत्या, कुणाचं तरी पोर रडत होतं. कुणाच्याही कानावर एक अक्षर गेलं नव्हतं. तिनंही ओठच हलवले.

"तुम्हाला कोण म्हणालं?"

"पोटाला हात लावून चालतेस. आम्ही नाही का चालायचो?"

"पावणेतीन."

"रक्त?"

ती चादर खोचत राहिली. कोपरा दुमडला, पुन्हा उलगडला, पुन्हा दुमडला.

"गेलं," ती म्हणाली.

"मग उभी काय राहिलीस? बस खाली. झोप जा."

"झोपता येत नाही. रजेचे दोनच दिवस उरलेत. तिसरा गेला की परीक्षेला बसू देत नाहीत. आणि सांगितलं तर आजच घरी पाठवतील. माझं वय बसत नाही आता. पुन्हा घेणार नाहीत."

"घरात कमावतं कोण?"

"नवरा पोती उचलतो. पाठ गेलीय. गोदामवाला बघतोय कधी काढू."

म्हातारीनं छताकडं पाहिलं. नळीतून श्वास शिट्टीसारखा येत-जात होता. मग तिनं तोंड वळवलं.

"माझंही एक असंच गेलं. गप्प राहिले. सगळ्या शेडला ओठांनी सांगितलं, पण जो सोडू शकला असता त्याला नाही सांगितलं. भीती वाटली. नंतर वाटलं, हाकललं असतं तर हाकललं असतं. आधी विचारायचं तरी होतं."

"मी काय करू?"

"मला सांगून काय उपयोग, पोरी? मला आवाज नाही. आवाज असलेल्या माणसाला सांग. त्या चष्मेवालीला."

"मेट्रनबाईंना? त्या लगेच घालवतील."

"घालवतीलही."

"मग माझं पुढं काय होईल?"

"ते मला काय विचारतेस? मी सात नंबरची म्हातारी आहे, ज्योतिषी नाही." ओठ थोडे हसले, लगेच थांबले. "उद्या सांग. शपथ घे."

"शपथ नको."

"मग?"

"शब्द देते."

म्हातारीला ते पटलं नसावं. तिला कुठं ठाऊक होतं की हिच्या घरात शब्द देणं म्हणजे व्रत घेण्यासारखंच असतं. मोडलं तर कुणी रागावत नाही, पण आपल्याच घशाखाली घास उतरत नाही.

संध्याकाळी दिवा लागायच्या वेळी ती घरी पोचली. जॉबर अर्ध्या तांब्यात हात धुत होता. केसात तागाचे तंतू अडकलेले, मान एका बाजूला झुकलेली. तिनं पिशवी ठेवली आणि उभ्यानंच सांगितलं.

"रक्त गेलं."

त्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

"किती?" हे सासूनं विचारलं.

"थोडं. पण गेलं."

"थोडं जातं कधी कधी. ह्याच्या वेळी मलाही गेलं होतं. तरी हा बघ, दाराएवढा झाला." सासूनं लेकाकडं पाहिलं. "आणि दारासारखाच उभा राहिलाय. तिला आडवं होऊ दे, बाजूला हो."

तिला आत झोपवलं. सासूनं गोधडी चारपदरी करून तिच्या पायाखाली दिली. पिंपात हंडाभर पाणी होतं, टँकर परवा येणार होता. त्यातलं तांब्याभर काढून तिनं गरम केलं आणि सुनेचे पाय शेकले. शेकता शेकता म्हणाली, "उद्या जा."

"डॉक्टर म्हणतील दहा दिवस उठू नको."

"म्हणतील. म्हणून डॉक्टरांना दाखवायचं नाही. जा, हळूहळू काम कर, सही कर, ये. अठरा दिवस." तिनं फडकं पिळलं. "हे टिकलं तर टिकलं. नाही टिकलं तर पुन्हा राहील. राहिलं ना आता महिन्याच्या आत? ती नर्सिंगची जागा पुन्हा मिळणार नाही पोरी. मला तुम्हा दोघांचं दिसतंय. मी गेल्यावर तुम्ही काय..."

ती मधेच थांबली. फडकं तिच्या हातात गार होत गेलं. मग ती म्हणाली, "मी हे बोलले, ते देवाच्या कानावर गेलं असेल."

सासू उठून देवापुढं जाऊन बसली, पाठमोरी. तिचे खांदे हलत होते, पण आवाज येत नव्हता. तीही त्याच शेडमधली.

जॉबर दारात बसला होता. सून कोपरावर उठली.

"अहो, तुम्ही काहीतरी म्हणा."

"मी काय म्हणू?"

"जा म्हणा, नाहीतर जाऊ नको म्हणा. आईंनी म्हटलं. तुम्ही एकदा म्हणा."

"त्या दिवशी मी म्हटलं होतं." तो अंगणाकडं बघत होता. "माझ्या म्हणण्यानं काय झालं ते बघितलंस तू. माझी जीभच उचलत नाही आता. तू सांगशील ते मी करतो. उचलून नेऊ का दवाखान्यात? नेतो. घरी राहायचं? राहा. पण मला म्हणायला लावू नकोस."

ती पुन्हा आडवी झाली. तिला त्याचा राग आला, आणि त्याच्या झुकलेल्या मानेकडं पाहून तो रागही धड टिकेना. सात नंबरला शब्द दिलाय हे तिनं दोघांनाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सासूनं तो परत घ्यायला लावला असता, आणि नवऱ्यानं त्याच्याआड स्वतःला लपवलं असतं.

सकाळी डाग कमी होता. ती निघाली. जॉबर न बोलता बरोबर निघाला, तिची पिशवी घेऊन. पिशवीत एक वही, एक डबा आणि एक घडी केलेला पांढरा एप्रन होता. लहान मुलानंही उचलली असती. तो ती पोत्यासारखी दोन्ही हातांनी धरून चालत होता. बस आली तेव्हा म्हणाला, "मागं बसू नकोस. मधे बस. मधे धक्के कमी लागतात."

त्या सकाळी वॉर्डात तिला सांगायला फुरसतच मिळाली नाही. जमिनीवरच्या एका बाईला ताप चढला होता, दोन पोरी रजेवर होत्या. नऊ वाजता तिनं मेट्रनबाईंकडं जायचं ठरवलं. नऊ वाजता इंजेक्शनं आली. दहा वाजता ठरवलं. दहा वाजता इन्चार्ज सिस्टरनी तिला औषधांच्या कपाटाशी उभं केलं. मनातून तिला प्रत्येक कामाचं बरं वाटत होतं. आणखी एक तास गेला. असेच तास जाऊ दिले तर सतरा दिवसही जातील, असं तिच्या मनात आलंच. आलं आणि तिथंच बसून राहिलं.

साडेअकराला चमचा खाली पडल्याचा आवाज आला.

म्हातारी खाटेवर घसरून कंबरेत वाकली होती. तोंड निळं. नळीत कफ अडकला होता. छाती उडत होती आणि आत काहीच जात नव्हतं. ती धावली. कफ ओढायच्या यंत्राची बारीक नळी गळ्यातल्या नळीत घातली, मनात आकडे मोजले, बाहेर ओढली. पुन्हा घातली. तिसऱ्या वेळी घट्ट, पिवळा कफ निघाला आणि श्वास शिट्टी वाजवत आत गेला.

"शाब्बास," इन्चार्ज सिस्टर मागून म्हणाल्या. मास्क खाली होता. "आता हिला वर सरकव, बसती कर. चल, काखेत हात घाल. मी पाय धरते."

तिनं हात पुढं केले. म्हातारीनं तिच्या छातीवर तळवा ठेवला आणि तिला मागं ढकललं. त्या हातात जोर कसला? कागदाइतका. पण तो हात हलेना. निळ्या पडलेल्या ओठांनी म्हातारी म्हणत होती, "तू नाही. तू नाही."

"काय म्हणतेय?" सिस्टर म्हणाल्या.

ती उभी राहिली. हात दोन्ही बाजूंना.

"अगं, उचल ना! परत घसरेल ती! काय झालं तुला?"

"मी उचलणार नाही, सिस्टर."

"काय?"

"मी नाही उचलणार. रेडिओला बोलवते."

ती इतक्या हळू बोलली की सिस्टरना ते कळायला वेळ लागला. मग त्यांचा चेहरा लाल झाला. चोवीस बाया बघत होत्या. तीन नंबरच्या बाईसुद्धा मान उचलून बघत होत्या. "परीक्षा तोंडावर आली तर माज चढला? आणि मी आताच शाब्बास म्हटलं! पेशंटला उचलायला नकार देणारी नर्स मी आजवर पाहिली नाही. नाव लिहून देते तुझं वर."

"लिहा, सिस्टर."

रेडिओ धावत आली, तिच्याकडं एकदा पाहिलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं आणि सिस्टरनी मिळून म्हातारीला वर सरकवलं, पाठीशी उशा लावल्या. ती बाजूला उभी राहून नुसती बघत होती. चौदा वर्षं उभं राहून काम केलं, पण काम न करता उभं राहणं इतकं जड असतं हे तिला ठाऊक नव्हतं. ओटीपोटात एक बारीक कळ आली आणि गेली. ती तिथंच मोजत राहिली, पुन्हा येते का. आली नाही.

सिस्टर टेबलाकडं गेल्या आणि खरंच लिहू लागल्या.

म्हातारीचा रंग परतत होता. श्वास अजून तुटक. तिनं डोळे उघडले, पोरीला शोधलं, आणि थकलेल्या ओठांनी विचारलं, "गेलीस का?"

"नाही अजून."

"दुपार होत आली."

"जाते."

"आवाजानं सांग."

"हो."

तिनं हात धुतले, साबणानं, शिकवलं होतं तसे कोपरापर्यंत. एप्रनचे बंद नीट बांधले. रेडिओच्या हातात यंत्राची नळी दिली आणि म्हणाली, "सात नंबरचा कफ अर्ध्या तासानं पुन्हा काढावा लागेल. नळी घालताना कफ ओढायचा नाही. बाहेर घेताना ओढायचा."

"काकू, तुम्ही कुठं निघालात?"

"वर. मेट्रनबाईंकडं."

"सिस्टरांनी लिहिलं म्हणून? अहो, जेवणानंतर त्या विसरतात. मी बोलते त्यांच्याशी."

"त्यांनी लिहिलं म्हणून नाही गं. माझं सांगायचंय."

मेट्रनबाईंची खोली पहिल्या मजल्यावर होती. वॉर्डाच्या दाराशीच जिना होता, एकवीस पायऱ्या, रोज ती त्या धावत चढायची. जिन्यापाशी ती थांबली. कठड्याला हात लावला आणि काढून घेतला. मग ती वळली आणि इमारतीला लांबून वळसा घालून, पेशंटच्या गाड्या वरच्या मजल्यावर ढकलत न्यायचा जो उतार होता, त्याच्या दिशेनं सावकाश चालू लागली. तिथं पायऱ्या नव्हत्या.